गंगेचा करार संपतोय, टेलच्या माणसाने लक्ष द्यावं

भारत-बांगलादेश गंगा पाणीवाटप कराराची 30 वर्षांची मुदत डिसेंबर 2026 मध्ये संपते. आष्टीत बसून आपल्याला त्याचं काय, असं कुणी विचारेल. पण कालव्याच्या टेलला ज्याचं शेत आहे, त्याला हा विषय समजायला वेळ लागत नाही.

जायकवाडीचंच घ्या ना. वर नाशिक-नगरची धरणं भरायची आणि खाली मराठवाडा वाट बघायचा. 2014 मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आदेश आला: 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल, तर वरच्यांनी पाणी सोडायचं. भांडणं मिटली का? नाही. मोर्चे, कोर्टकचेऱ्या चालूच आहेत. तरी 2023 च्या नोव्हेंबरात वरून पाणी सुटलं ते याच नियमाच्या जोरावर. खालच्याला आता हात जोडावे लागत नाहीत. तो तारीख आणि टक्का दाखवतो.

गंगेच्या करारातही तेच आहे. 12 डिसेंबर 1996 रोजी देवेगौडा आणि शेख हसीना यांनी सह्या केल्या. 1 जानेवारी ते 31 मे या काळात फरक्काला दर दहा दिवसांचा प्रवाह मोजायचा. 70 हजार क्युसेक किंवा कमी असेल तर निम्मं-निम्मं. 70 ते 75 हजारांत बांगलादेशाला 35 हजार, त्याहून जास्त असेल तर भारताला 40 हजार, उरलेलं त्यांना. खरी गोम पुढे आहे. प्रवाह 50 हजारांच्या खाली गेला तर काय? दोन्ही सरकारांनी ताबडतोब चर्चा करावी, एवढंच लिहिलंय. म्हणजे पाण्याची सर्वात जास्त गरज असते, नेमका तिथेच आकडा नाही.

दुसरीकडे सिंधू करार. 19 सप्टेंबर 1960 ला कराचीत झाला. 1965, 1971 आणि कारगिल, तिन्ही लढायांत टिकला. 22 एप्रिल 2025 रोजी पहलगाममध्ये 26 निरपराध माणसं मारली गेली आणि दुसऱ्याच दिवशी भारताने तो स्थगित केला. मारेकऱ्यांना शिक्षा व्हायलाच हवी, यात आपल्यात दोन मतं नाहीत. पण नदीची शिक्षा टेलच्या शेतकऱ्याला होते. शिवाय ब्रह्मपुत्रेवर आपणच खाली आहोत, चीन वर आहे, आणि त्याच्याशी आपला पाणीवाटपाचा करारच नाही. वरच्याने मनाला येईल तेव्हा करार बाजूला ठेवावा, ही रीत पडली तर आसामात आपण काय बोलणार?

बांगलादेश मुसलमानांचा, म्हणून तुम्हाला पुळका, असंही कुणी म्हणेल. जायकवाडीसाठी आपण नाशिकला जे सांगतो, तेच इथे सांगतोय. मदिन्यातल्या महजूर ओढ्याबद्दल प्रेषित मुहम्मद (स.) यांचा निवाडा हदीसमध्ये आहे: वरच्याने घोट्याएवढं पाणी घ्यावं, मग खाली सोडावं. त्यात वरच्याचा पहिला हक्क मान्य आहे, पण मापही ठरलेलं आहे.

ढाक्यात ऑगस्ट 2024 मध्ये हसीनांची सत्ता गेल्यापासून संबंध ताणलेले आहेत, त्यामुळे बोलणी सोपी नाहीत. तरीही जुनाच कागद पुढे ढकलून भागणार नाही. 50 हजारांखालच्या प्रवाहाची वाटणी आकड्यात लिहून घ्यायला हवी, आणि तीही उन्हाळा लागायच्या आत.