आधी खड्डा बघा, मग पुट्टी निवडा

दोस्तांनो, बॅटमॅनची ती काळीभोर, मागे पंख फुटलेली गाडी आठवतेय का? १९६६ साली अमेरिकेत टीव्हीवर मालिका सुरू झाली, तिच्यातली ती बॅटमोबिल. आता गंमत ऐका. ही गाडी कुणी मुळापासून बनवलीच नव्हती! १९५५ सालची 'लिंकन फ्युचुरा' नावाची एक प्रदर्शनातली गाडी होती. कॅलिफोर्नियातल्या जॉर्ज बॅरिस नावाच्या कारागिराने तिचंच रूप पालटलं आणि झाली बॅटमोबिल.

तयार गाडी घ्यायची, तिचं छत कापून खाली आणायचं, दारांच्या मुठी काढून टाकायच्या, दिवे आत बसवायचे आणि शेवटी ती ओळखूच येणार नाही अशी करायची, याला म्हणतात कस्टमायझिंग. असं कापाकापीचं काम केलं की सांधे आणि खड्डे उरणारच. जॉर्ज आणि त्याचा भाऊ सॅम यांच्या सुरुवातीच्या काळात हे खड्डे वितळवलेल्या शिशाने भरत. म्हणून तर अशा गाड्यांना 'लेड स्लेड', म्हणजे शिशाची घसरगाडी, असं गमतीचं नाव पडलं. पण शिसं विषारी, त्याची धूळही विषारी. १९५०च्या दशकात प्लॅस्टिकच्या जातीची पुट्टी आली आणि हळूहळू शिसं मागे पडलं.

हेच काम आपण टेबलावर, हाताएवढ्या गाडीवर करू शकतो. तुमच्यापैकी काही जण प्लॅस्टिकच्या किटमधून गाड्या जोडतात, काही जण धातूच्या जुन्या गाड्यांना नवं रूप देतात. दोघांचा प्रश्न एकच असतो. 'पुट्टी कुठली घेऊ?' आपले रंगारीकाका जिला लांबी म्हणतात, तीच ही पुट्टी.

दुकानात जाऊन नुसतं "पुट्टी द्या" म्हणू नका. कारण पुट्टी एक नसते, अनेक असतात. प्रत्येकीची घट्ट होण्याची रीत वेगळी. ही रीत कळली की निवड आपोआप जमते.

आधी एक छोटं गणित करू. किटच्या बऱ्याच अमेरिकन गाड्या १:२५ या प्रमाणात असतात. म्हणजे खऱ्या गाडीवरचे २५ मिलिमीटर आपल्या गाडीवर १ मिलिमीटर. छत ४ इंच, म्हणजे सुमारे १०० मिलिमीटर खाली आणायचं असेल, तर आपण कापायचे फक्त ४ मिलिमीटर. आता उलटं करून बघा. आपली पुट्टी वाळून ०.२ मिलिमीटरच आत बसली, तर? खऱ्या गाडीवर तो ५ मिलिमीटरचा पोचा झाला! चकचकीत रंगाखाली तो लगेच डोळ्यात भरतो. म्हणून एवढी काळजी.

चला, आता एकेकीची ओळख करून घेऊ.

पहिली, सुकणारी पुट्टी. ही नळीत किंवा डब्यात तयारच मिळते. टामियाची 'बेसिक पुट्टी' या जातीची, आणि गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळणारी एन.सी. पुट्टीही याच जातीची. हिच्यात थिनरसारखं द्रावण असतं. ते उडून गेलं की पुट्टी घट्ट होते. पण उडून गेलेल्या द्रावणाची जागा कोण भरणार? कुणीच नाही! म्हणून ही पुट्टी आकसते. वरून वाळलेली दिसते, आतून ओलीच असते, आणि रंग दिल्यावर आठवड्याभराने खाली बसते. शिवाय किटचं प्लॅस्टिक असतं पॉलिस्टायरीन, आणि हे द्रावण त्याला थोडं विरघळवतं. थर पातळ असेल तर त्याचा फायदाच होतो, पुट्टी घट्ट चिकटते. थर जाड दिला तर मात्र बॉडीच मऊ पडून वाकू शकते. तेव्हा ही पुट्टी फक्त ओरखडे आणि उथळ खड्डे यांसाठी. पातळ थर द्या, तो एक दिवस वाळू द्या, मग दुसरा द्या. नाक जवळ न नेताही वास येत असेल, तर ती अजून वाळलेली नाही असं खुशाल समजा.

दुसरी, पॉलिस्टर पुट्टी. गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणारे मोठ्या पोच्यांना हीच लावतात. एका डब्यात पुट्टी आणि सोबत छोट्या नळीत हार्डनर. दोन्ही मिसळले की रासायनिक क्रिया सुरू होते, मिश्रण गरम होतं आणि घट्ट होतं. इथे काही उडून जाण्याची वाट बघायची नसते, म्हणून ही फारच थोडी आकसते. खोल खड्डा, कापलेल्या छताचा सांधा, असल्या कामाला ही उत्तम. हार्डनर वजनाने साधारण २ टक्के लागतं. वाटाण्याएवढी पुट्टी घेतली तर मोहरीएवढं हार्डनर, असा अंदाज ठेवा. 'जास्त घातलं तर लवकर होईल' असं मनात आणू नका, पुट्टी ठिसूळ होते. आणि कालवल्यावर हाताशी थोडीच मिनिटं असतात, म्हणून लागेल तेवढीच कालवा. हिचा वास फार उग्र. मोठ्या माणसाला सोबत घेऊन, गच्चीत किंवा अंगणातच हे काम करा.

तिसरी, इपॉक्सी पुट्टी. गळक्या नळाला आई-बाबा जे एम-सील लावतात ना, ते याच कुळातलं. मिलिपुट आणि टामियाची इपॉक्सी पुट्टी खास मॉडेलवाल्यांच्या आवडीची. दोन रंगांचे सारखे भाग घ्यायचे आणि एकच रंग होईपर्यंत कणकेसारखे मळायचे. ही आकसत नाही, प्लॅस्टिक विरघळवत नाही आणि ओल्या बोटाने हवा तसा आकार घेते. दिव्याभोवती नवी कड उठवायची, चाकावरची कमान फुगवायची, तर हिच्यासारखी दुसरी नाही. फक्त ही प्लॅस्टिकमध्ये मुरत नाही, नुसती धरून बसते. म्हणून आधी जागा पॉलिश पेपरने खरखरीत करून घ्या. मळताना हातमोजे घाला, काहींच्या कातडीला ही सोसत नाही.

चौथी, पाण्यावरची अ‍ॅक्रेलिक पुट्टी. वास जवळजवळ नाहीच. केसाएवढी फट असेल तर ती भरायची आणि जादा पुट्टी ओल्या कापडाने पुसून टाकायची, झालं! घासायचीही गरज नाही. पण ही मऊ असते. मोठ्या खड्ड्याला किंवा ज्या कडेवर घासकाम करायचंय तिथे वापरू नका, कडेचे टवके निघतात.

आणि भिंतीला लावतात ती वॉल पुट्टी? घरात उरलेली असते, म्हणून पुष्कळांना मोह होतो. ती मुख्यतः पांढऱ्या सिमेंटची असते. प्लॅस्टिकला धरत नाही, तडकते. ती भिंतीलाच राहू द्या.

आता हे सगळं एका गाडीवर लावून बघू. १९४९ सालची मर्क्युरी घ्या, कस्टमवाल्यांची लाडकी गाडी. एएमटी कंपनीने तिचं १:२५ चं किट काढलेलं आहे. दाराची मूठ ब्लेडने तासून टाकलीत, तर राहील एक उथळ खूण. तिथे सुकणारी पुट्टी, एक-दोन पातळ थर. दिवा आत बसवून भोवती गोल कड घडवायची असेल, तर इपॉक्सी. छत खाली आणताना सांध्यात मोठी फट पडली, तर आधी तिच्यात प्लॅस्टिकची पट्टी चिकटवा आणि उरलेली जागा पॉलिस्टरने भरा. एका गाडीला तीन पुट्ट्या लागल्या, तरी त्यात चूक काहीच नाही.

गाडी धातूची असेल, हाताला जड आणि गार लागत असेल, तर थिनरने बॉडी मऊ पडायची भीती नाही. पण त्या जागेवरचा जुना रंग काढून, धातू खरखरीत करून मगच पुट्टी लावा, नाहीतर रंगाच्या पापुद्र्यासकट ती निघून येईल.

पुट्टी घट्ट झाली की घासायचं. आणि खरी परीक्षा इथेच असते. इपॉक्सी बहुधा प्लॅस्टिकपेक्षा कडक होते. नुसत्या बोटाने पॉलिश पेपर फिरवलात तर आजूबाजूचं मऊ प्लॅस्टिक आधी झिजतं आणि पुट्टीचा उंचवटा राहतो. पुट्टी मऊ असेल तर उलट खळगा पडतो. उपाय सोपा आहे. पेपर खोडरबरला किंवा आइस्क्रीमच्या काडीला गुंडाळा, म्हणजे तो सपाट चालेल. आधी ३२० नंबर, मग ४००, मग ६००. पाण्यात चालणारा पेपर घ्या आणि ओलाच घासा. धूळ उडत नाही, नाकात जात नाही. कोरडं घासायचंच असेल तर तोंडाला मास्क हवाच.

सपाट झालं की नाही, हे कसं कळणार? भरलेल्या जागेवर मऊ पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा मारा आणि जागा कोरडी असतानाच वरून दोन-चार हलके हात फिरवा. जिथे रेघा पुसल्या नाहीत, तिथे खळगा आहे. तिथे पुन्हा थोडी पुट्टी. सगळ्या रेघा सारख्या गेल्या की बॉडी धुवा, वाळवा आणि करड्या प्रायमरचा एक हात द्या. प्रायमर फार खरं बोलतो, लपलेला ओरखडाही दाखवून देतो.

किटमध्ये बॉडी एकच असते. कित्येक महिने खाऊचे पैसे साठवून आणलेली. तिच्यावर पहिला प्रयोग कशाला? घरात सीडीच्या जुन्या पारदर्शक डब्या पडल्या असतील. त्याही पॉलिस्टायरीनच्याच, किटच्या गाडीसारख्या. एका डबीच्या झाकणावर तीन सारखे खड्डे कोरा, कटर मोठ्यांसमोरच हातात घ्या. एकात सुकणारी पुट्टी एकदम जाड भरा, दुसऱ्यात तीच पातळ थरांनी, तिसऱ्यात इपॉक्सी. घट्ट झाल्यावर तिन्ही सपाट घासा आणि शेजारी तारीख लिहून ठेवा. आठ दिवसांनी पट्टीची कड त्यांवर उभी धरा आणि उजेडासमोर बघा. कुठल्या खड्ड्यावर पट्टीखालून उजेड डोकावतो?

काय दिसलं ते वहीत लिहा आणि आम्हाला पत्राने कळवा. पुढच्या वेळी रंगाची डबी उघडू!