विश्लेषण : हस्तिदंत लंडनमध्ये, वेदी नायजेरियात, बेनिनचा वाद नेमका काय?

लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे बेनिन राज्यातल्या ९०० हून अधिक वस्तू आहेत. त्यात राजाच्या वेदीवरचे कोरीव हस्तिदंतही आहेत. नायजेरिया ते अनेक वर्षं परत मागत आहे. ‘परत दिले तर ते लोकांना बघायला मिळतील का?’ असा प्रश्न युरोपात विचारला जातो. मुळात हा प्रश्नच चुकीचा आहे.

वेदीवर हस्तिदंत कशासाठी?

बेनिन हे आजच्या नायजेरियातलं एडो लोकांचं जुनं राज्य. शेजारच्या बेनिन देशाशी त्याची गल्लत नको. इथला राजा म्हणजे ‘ओबा’. ओबाचं निधन झालं की गादीवर येणारा वारस राजवाड्यात वडिलांच्या स्मरणार्थ वेदी उभारतो. वेदीवर पितळी मस्तकं ठेवतात. मस्तकाच्या माथ्यावर गोल भोक असतं आणि त्यात हस्तिदंत उभा बसवतात. त्यावर ओबा, योद्धे, बिबटे, मगरी, पोर्तुगीज व्यापारी कोरलेले असतात. हे काम ‘इग्बेसानम्वान’ या राजाश्रयातल्या कारागीर संघाचं. राज्यात हत्ती मारला गेला, तर त्याचा एक दात ओबाचा असे.

म्हणजे मस्तक आणि हस्तिदंत हा जोड आहे. संग्रहालयात दोन्ही वेगवेगळे मांडले, की एक ‘शिल्प’ होतं आणि दुसरी ‘नक्षी’. वडील आणि वारस यांच्यातला धागा मात्र तुटतो.

१८९७ मध्ये काय झालं?

जानेवारीत बेनिनकडे निघालेल्या ब्रिटिश तुकडीवर हल्ला झाला, त्यात बहुतेक जण मारले गेले. फेब्रुवारीत ब्रिटिश सैन्याने बेनिन शहर जिंकलं, राजवाडा लुटला. ओबा ओवोनरामवेन यांना कलाबारला हद्दपार केलं गेलं. १९१४ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं. हजारो वस्तू युरोप-अमेरिकेत पोहोचल्या.

घोडं कुठे अडलंय?

२०२२ मध्ये जर्मनीने मालकी हक्क नायजेरियाला देण्याचा करार केला. लंडनच्याच हॉर्निमन म्युझियमने त्याच वर्षी ७२ वस्तूंची मालकी सोपवली. ब्रिटिश म्युझियम मात्र १९६३ च्या कायद्याकडे बोट दाखवतं. या कायद्यानुसार संग्रहातली वस्तू कायमची देता येत नाही, उसनी देता येते. साताऱ्यात २०२४ मध्ये आलेली वाघनखंही लंडनच्या दुसऱ्या संग्रहालयाकडून तीन वर्षांसाठीच आली, हे मराठी वाचकाला आठवत असेल.

२०२३ मध्ये नायजेरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी या वस्तूंचे मालक ओबा असल्याचं जाहीर केलं. त्यावर युरोपात कुरबुर सुरू झाली : मग त्या खासगी होणार!

ही भीती अगदीच निराधार नाही. बेनिन शहरातलं संग्रहालय आणि राजवाडा यांच्यातले मतभेद जगजाहीर आहेत. नायजेरियातल्या विद्यार्थ्यांना, अभ्यासकांना या वस्तू पाहता यायलाच हव्यात. पण ते त्यांच्या घरात ठरेल. चोरीचा माल परत करताना ‘तुम्ही तो कपाटात ठेवणार की दिवाणखान्यात?’ असं कोणी मालकाला विचारत नाही.

हे हस्तिदंत प्रदर्शनासाठी कोरलेच नव्हते. ते पूर्वजांसाठी होते आणि ज्या घराण्याचे ते पूर्वज, ते घराणं आजही बेनिन शहरात गादीवर आहे. ब्रिटिश संसदेने १९६३ चा कायदा बदलावा. आधी मालकी, मग मांडणीची चर्चा.