मोटारीतील गारवा आणि ज्वलनशील वायूंचा प्रश्न

हायड्रोफ्लुरोकार्बन वायूंचा वापर भारताला २०२८ मध्ये गोठवावा लागणार आहे. मॉन्ट्रियल कराराच्या किगाली दुरुस्तीस देशाने २०२१ मध्ये मान्यता दिली. २०२४ ते २०२६ या वर्षांतील वापराच्या आधारे मूळ पातळी निश्चित होईल आणि २०४७ पर्यंत तीत ८५ टक्के कपात अपेक्षित आहे. मोटारींच्या वातानुकूलनात वापरला जाणारा आर-१३४ए याच गटातला. तो सहसा पेट घेत नाही, पण त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट आहे. त्याचे बहुतेक पर्याय मात्र कमी-अधिक ज्वलनशील आहेत. एक कोटीहून अधिक वाहनांच्या बंगळुरूत हा प्रश्न शेवटी गल्लीतल्या गॅरेजपर्यंत पोहोचणार आहे.

युरोपात यावर मोठा वाद झाला. आर-१२३४वायएफ हा नवा वायू गळून तापलेल्या इंजिनावर पडल्यास पेटतो आणि त्यातून विषारी हायड्रोजन फ्लोराइड तयार होते, असे जर्मनीच्या डेमलर कंपनीने २०१२ मध्ये आपल्या चाचणीच्या आधारे जाहीर केले. इतर उत्पादकांना ही चाचणी वास्तवाशी विसंगत वाटली. २०१३ मध्ये फ्रान्सने मर्सिडीजच्या काही मोटारींची नोंदणीच रोखली, कारण कंपनीने जुनाच वायू वापरणे चालू ठेवले होते. अखेर २०१७ पासून युरोपातील सर्व नव्या मोटारींत आर-१३४ए बंद झाला आणि १२३४वायएफच रूढ झाला.

भारतात खरी धास्ती वेगळीच आहे. १२३४वायएफ महाग आहे. त्याच्या जागी स्वस्त प्रोपेन किंवा ब्यूटेनचे मिश्रण भरण्याचा मोह होऊ शकतो. १२३४वायएफ पेटण्यास बरीच ऊर्जा लागते, प्रोपेनला स्विचची ठिणगीही पुरते. बाष्पक डॅशबोर्डच्या आत असल्याने गळती थेट प्रवाशांच्या बंदिस्त जागेत होते.

यावर तोडगा आहे. टाटा मोटर्सने माहले कंपनीच्या सहकार्याने आजमावलेल्या दुहेरी वलयाच्या पद्धतीत आर-१५२ए हा ज्वलनशील वायू बॉनेटखालीच राहतो. आत फिरते ते थंड केलेले ग्लायकॉलमिश्रित पाणी. कार्बन डायऑक्साइड तर पेटतच नाही, पण त्याला प्रचंड दाब लागतो आणि ३१ अंशांपुढील उन्हाळ्यात त्याची कार्यक्षमता घसरते.

कारखान्यातील रचना कितीही निर्धोक असली, तरी काही वर्षांनी वायू पुन्हा भरावाच लागतो. त्या वेळी टाकीत नेमके काय आहे हे ओळखणारे उपकरण आणि ठिणगी न उडवणारे वायू काढण्याचे यंत्र दुरुस्ती करणाऱ्याकडे असावे लागेल. जे. सी. रोडच्या परिसरातील छोट्या कारागिरांनी हा खर्च स्वतः सोसावा अशी अपेक्षा धरणे कठीण आहे.