कागदी ‘नॅट’चा ‘अजित’ होताना

सुट्टी लागली, की आपल्याकडच्या घराघरांत एकच प्रश्न असतो. मुलांनी दिवसभर करायचे काय? या प्रश्नाला एक स्वस्त आणि मस्त उत्तर आहे: कागदाचे विमान. वहीचे पान फाडून, घडी घालून उडवतो ते नव्हे. खऱ्या लढाऊ विमानाची मापे घेऊन, भाग कापून, वळवून, चिकटवून उभी केलेली हुबेहूब प्रतिकृती. घरात आजी मराठीत बोलत असो आणि शेजारची अज्जी कन्नडमध्ये, ‘कागद’ आणि ‘विमान’ हे शब्द दोघींचेही आहेत. त्यामुळे समजावून सांगायलाही अडचण नाही.

सुरुवातीला ‘नॅट’ घ्यावे. नॅट म्हणजे चिलट. १९५५ साली इंग्लंडमध्ये पहिल्यांदा उडालेले हे चिमुकले लढाऊ विमान पुढे आपल्या बेंगळुरूच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये, म्हणजे एचएएलमध्ये, परवान्याने तयार होऊ लागले. लांबी साधारण ९ मीटर, पंखांचा विस्तार पावणेसात मीटर. कागदी प्रतिकृतींसाठी १:३३ हे प्रमाण फार प्रचलित आहे. त्या हिशेबाने नॅटची लांबी २७ सेंटीमीटर होते आणि पंख २० सेंटीमीटरचे. शाळेच्या डेस्कवर सहज मावेल एवढे.

साहित्य घरचेच. १६० ते २०० जीएसएमचा जाड कागद, एक मिलिमीटरचा पुठ्ठा, धारदार कटर, पोलादी पट्टी, फेविकॉल आणि घडीच्या रेघा दाबण्यासाठी संपलेली रिफील. कटर चालवताना लहान मुलांजवळ मोठ्या माणसाने बसावे, हे सांगायला नकोच. विमानाचे धड म्हणजे कागदाच्या नळकांड्यांची माळ. प्रत्येक नळकांड्याच्या तोंडाशी पुठ्ठ्याची चकती बसते, म्हणून गोलाई टिकते. डिंक जास्त झाला, की कागद पाणी पितो आणि सुरकुततो. तेव्हा टाचणीच्या टोकाने बेताबेताने लावावा. कापलेल्या कडा पांढऱ्या दिसतात. त्यांवर जलरंगाचा हात फिरवला, की जोड लपतो. नॅट तीन चाकांवर उभे राहते. शेपूट जड झाले तर ते मागे बसते, म्हणून नाक बंद करण्यापूर्वी आत थोडे वजन ठेवावे. एखादे जुने नाणेही चालते.

हे झाले बांधणे. खरी गंमत पुढे आहे, ती म्हणजे बदल करणे.

मुलांना तयार नकाशावर समाधान नसते. ‘आपण हे थोडे मोठे करू’, ‘याचे नाक लांब करू’ असे सुरू होते. जरूर करू द्यावे, पण तिथे गणित आडवे येते आणि ते येणेच चांगले. चकतीचा व्यास फक्त २ मिलिमीटरने वाढवला, तर तिच्याभोवती गुंडाळायची पट्टी ६ मिलिमीटरपेक्षा जास्त वाढवावी लागते. ‘पाय गुणिले व्यास’ हे सूत्र पाठ असलेला मुलगा इथे पहिल्यांदा त्याचा उपयोग पाहतो. झेरॉक्सवाल्याकडून नकाशा ६६ टक्क्यांवर आणला, की विमान १:५० चे होते, पण पुठ्ठ्याची जाडी काही कमी होत नाही. एक मिलिमीटरची खाच पाऊण मिलिमीटरचीही उरत नाही आणि भाग एकमेकांत बसत नाहीत. एक गोष्ट बदलली, की तिच्या मागे दहा गोष्टी बदलाव्या लागतात, हा धडा पुस्तकातून मिळत नाही.

बदल कसा करावा, हे खुद्द एचएएलनेच दाखवून दिले आहे. नॅट लहान, म्हणून त्यात इंधन कमी. लांब जायचे तर पंखांखाली जादा टाक्या लटकवाव्या लागत आणि टाक्यांनी जागा अडवली, की बॉम्ब-रॉकेटांना जागा राहत नसे. बेंगळुरूच्या अभियंत्यांनी इंधनाची सोय पंखांच्या आतच केली. पंखांखालची जागा शस्त्रांसाठी मोकळी झाली. हायड्रॉलिक आणि नियंत्रण यंत्रणाही सुधारल्या. हे नवे विमान १९७५ मध्ये उडाले आणि त्याचे नाव झाले ‘अजित’. तेव्हा कागदी नॅटचा अजित करायचा असेल, तर लटकत्या टाक्या काढायच्या आणि पंखांखाली शस्त्रे अडकवण्याचे चार खांब बसवायचे. काम दोन संध्याकाळचे, पण प्रत्येक कात्रीमागे कारण आहे.

आता दुसरी बाजू. बहुतेक मुलांना, आणि खरे सांगायचे तर त्यांच्या काका-मामांनाही, मोह होतो तो क्षेपणास्त्रांचा. जिथे जागा दिसेल तिथे एक चिकटवायचे. दिसायला झोकात दिसते. पण नॅटच्या बाबतीत हा मोह आवरायलाच हवा.

१४ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानच्या सहा सेबर विमानांनी श्रीनगरच्या विमानतळावर हल्ला केला. धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीतसिंग सेखों यांनी आपले नॅट उडवले आणि एकट्याने त्यांच्याशी झुंज घेतली. त्या लढतीत ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. हवाई दलाला मिळालेले ते आजवरचे एकमेव परमवीरचक्र. त्या दिवशी त्यांच्या हाताशी काय होते? हवा आत घेणाऱ्या तोंडांच्या दोन बाजूंना बसवलेल्या ३० मिलिमीटरच्या दोन तोफा. रडार नाही, क्षेपणास्त्र नाही. त्यांच्या विमानाच्या प्रतिकृतीला आपण चार क्षेपणास्त्रे चिकटवली, तर ती अधिक शूर दिसत नाही. उलट त्या माणसाने किती थोड्या साधनांवर झुंज दिली, हेच आपण झाकून टाकतो. प्रतिकृती म्हणजे एक प्रकारची साक्ष असते आणि साक्षीत पदरचे घालायचे नसते.

म्हणून कल्पनेला बंदी घालावी का? मुळीच नाही. मुलाला स्वतःच्या मनातले विमान करायचे असेल, तर त्याने ते खुशाल करावे. त्याला नवे नाव द्यावे, नवा रंग द्यावा. फक्त सेखोंचे नाव आणि त्यांच्या १८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे चिन्ह त्यावर लावू नये. त्याच स्क्वाड्रनकडे २०२० मध्ये ‘तेजस’ विमाने आली आणि तीही एचएएलनेच घडवलेली.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. सांबऱ्याला हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. हत्तरगीजवळच्या कारखान्यांत खऱ्या विमानांचे सुटे भाग तयार होतात. तिथे एका केसाएवढा फरकही चालत नाही. आज टेबलावर पुठ्ठ्याची चकती घासणाऱ्या मुला-मुलींपैकी कोणी उद्या तिथे उभे राहील. बेंगळुरूला जाणे झाले, तर एचएएलचे संग्रहालय त्यांना आवर्जून दाखवा. कागदावर जे हाताळले, ते पत्र्यात पाहण्याचा आनंद वेगळाच.

आणि घरी एक करा. मूल विचारील, ‘इथे अजून एक पंख लावू?’ तेव्हा लगेच ‘हो’ म्हणू नका, ‘नको’ही म्हणू नका. मराठीत ‘का?’ विचारा किंवा कन्नडमध्ये ‘याक?’ विचारा. त्याचे उत्तर त्याला सापडले, की कात्री त्याच्या हाती द्या.