यंत्राआधी हात

आपल्या परदेशस्थ वऱ्हाडकर मंडळींच्या गेल्या वार्षिक सभेत वाशिम जिल्ह्यातील एखाद्या रुग्णालयास स्तनांच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी मॅमोग्राफीचे यंत्र देणगीदाखल द्यावे अशी सूचना पुढे आली, तेव्हा सभागृहात जो टाळ्यांचा कडकडाट झाला त्यात माझेही दोन हात सामील होते, हे आरंभीच कबूल केलेले बरे. घरी परतल्यावर मात्र त्या जिल्ह्यातील बाई आणि हे यंत्र यांची भेट नेमकी कोठे आणि कशी व्हायची, हा प्रश्न मनातून जाईना; आणि विचारांती मी ज्या मतास आलो ते त्या सूचनेच्या विरुद्ध आहे. निधी अवश्य जमवावा, ठरला आहे त्याहून अधिक जमवावा; परंतु त्यातला पहिला रुपया यंत्रावर खर्च होऊ नये.

वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशिम, हा अभिमान आपण वऱ्हाडकर मंडळी कारण नसतानाही मिरवतो. १९९८ साली अकोल्यातून निराळा काढलेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा २०११ च्या जनगणनेत सुमारे बारा लाख वस्तीचा होता, आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने विकासात मागे राहिलेल्या जिल्ह्यांची जी यादी ‘आकांक्षित’ या गोड नावाखाली केली तीत त्याचाही समावेश झाला. समृद्धी महामार्ग त्याच्या अंगावरून गेला आहे खरा, पण तो ज्याच्यापाशी मोटार आहे त्याला नागपूर जवळ करतो. मानोऱ्याच्या तांड्यावरून निघणाऱ्या बाईला आजही एस.टी.ची वाटच पाहावी लागते.

या बाईला गाठ लागते ती बहुधा अंघोळीच्या वेळी. रोगाच्या आरंभी गाठ सहसा दुखत नाही, आणि सारा घात येथेच होतो. ‘दुखत त नाही, मंग कायले दाखवा?’ या एका प्रश्नात वऱ्हाडातील सगळे वैद्यकीय अर्थशास्त्र सामावलेले आहे. कारण समोर सोयाबीनची सोंगणी असते, सोंगणी आटोपली की हरभऱ्याची पेरणी, मग तूर, मग लेकीचे लग्न. आणि शिवाय ही गाठ अशा जागी की ती पुरुष डॉक्टरला दाखवायची तर दूरच, सासूजवळ उच्चारायचीही चोरी. वर्षभराने कातडीवर जखम फुटते तेव्हा सारे घर हादरते, वावर गहाण पडते, आणि ‘टाटाला नेलं’ हे शब्द गावात दबक्या आवाजात फिरू लागतात. २०२० सालच्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात भारतात या रोगाचे सुमारे १ लाख ७८ हजार नवे रुग्ण आढळले आणि ९० हजारांवर स्त्रिया दगावल्या. यांतील किती जणी उशिरामुळे गेल्या, हे आकडे सांगत नाहीत. पण ज्याने अशी एक तरी आत्या किंवा मावशी पाहिली आहे त्याला ते वेगळे सांगावे लागू नये.

आता ज्या ‘टाटा’चे नाव गावोगाव भयाने घेतले जाते त्याच मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने या प्रश्नाचा वीस वर्षे पाठपुरावा केला आहे. डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांचे सहकारी यांनी १९९८ पासून मुंबईतील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचे दोन गट केले, आणि एका गटाची दर दोन वर्षांनी केवळ हातांनी, म्हणजे डॉक्टर नसलेल्या परंतु प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांच्या बोटांनी, तपासणी करविली. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तपासलेल्या गटात रोग लवकरच्या टप्प्यावर सापडू लागला, आणि पन्नाशी व त्यापुढील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की सर्व वयांचा मिळून विचार करता आढळलेली सुमारे १५ टक्क्यांची घट संख्याशास्त्राच्या कसोटीस पुरती उतरली नाही, आणि पन्नाशीच्या आतील बायकांत मृत्यूंवर लाभ दिसला नाही. असे असले तरी, विजेवाचून, फिल्मवाचून आणि क्ष-किरणतज्ज्ञावाचून जे साधन एवढे काम करते त्याला ‘यंत्र येईपर्यंतची तात्पुरती सोय’ म्हणणे मला अविचाराचे वाटते.

कोणी म्हणेल, हे काम सरकारचेच आहे. आहेच, तिशीपुढील प्रत्येक स्त्रीची अशी तपासणी व्हावी हे सरकारचे धोरण कागदावर आहे. परंतु २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी देशभरात ०.९ टक्के, म्हणजे शंभरात एकही भरत नाही इतक्याच जणींनी स्तनांची तपासणी कधी काळी करवून घेतली असल्याचे आढळले. कागद आणि बाई यांच्यामध्ये जी दरी आहे ती भरून काढण्यास आपला निधी उपयोगी पडला पाहिजे.

या बाबतीत बार्शीचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. तेथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू झाली. तिचे कार्यकर्ते नोंदवही घेऊन गावोगाव फिरत, लोकांशी बोलत, लक्षणे समजावून सांगत, संशय आलेल्यास रुग्णालयाची वाट दाखवीत. नोंदणी हा त्यांचा मूळ उद्देश. पण काही वर्षांतच असे दिसून आले की गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागल्या आहेत. रोग निराळा असला तरी उशिराची कारणे तीच होती, आणि ती कोणत्याही यंत्राने नव्हे तर ओट्यावर बसून केलेल्या बोलण्याने हटली.

यंत्राशी माझे वैर नाही. वाशिमला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तेथे क्ष-किरणतज्ज्ञ आणि विकृतिशास्त्रज्ञ नांदते झाले की मॅमोग्राफी अवश्य यावी. परंतु यंत्राने दाखविलेली सावली म्हणजे निदान नव्हे. सुईने गाठीचा तुकडा काढणारा, तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा आणि अहवाल वेळेवर त्या बाईच्या हाती पोचविणारा, ही साखळी जेथे तुटकी आहे तेथे यंत्र केवळ संशयितांची संख्या वाढवील, आणि भय घेऊन घरी गेलेली बाई पुन्हा येणार नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रियेची आणि औषधांची तरतूद होऊ शकते. निदान होईपर्यंत अकोल्याला घातलेल्या तीन खेपांत बुडालेली रोजी मात्र तिला कोणी भरून देत नाही.

पैशाच्या वाटेविषयीही दोन शब्द. विदेशी देणग्यांच्या नियमनाचा कायदा २०२० च्या दुरुस्तीनंतर कडक झाला असून, घेणाऱ्या संस्थेला ती रक्कम पुढे दुसऱ्या संस्थेच्या स्वाधीन करता येत नाही, आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. आपल्यापैकी ज्यांच्यापाशी अद्याप भारतीय पारपत्र आहे त्यांनी स्वतःच्या कमाईतून दिलेला पैसा विदेशी देणगी ठरत नाही. ज्यांनी परदेशी नागरिकत्व पत्करले त्यांचा, खिशात ओसीआय कार्ड असले तरी, ठरतो. या तरतुदींवर आपल्या सभांत पुष्कळ चडफड होते, पण मला त्यांत एक सोय दिसते: मोठ्या शहरातल्या नामांकित विश्वस्तांच्या हाती धनादेश देऊन मोकळे होता येत नाही, आणि जी संस्था स्वतः कारंज्याला, रिसोडला, मानोऱ्याला राबते तीच शोधणे भाग पडते.

म्हणून माझी तजवीज अशी. पहिली दोन वर्षे निधी आरोग्यसेविकांच्या प्रशिक्षणावर, तपासणीच्या खोलीला पडदा आणि कडी बसविण्यावर, सुईच्या तपासणीवर आणि संशयित स्त्रीच्या व तिच्या सोबतिणीच्या प्रवासखर्चावर खर्ची पडावा. हिशेब मागताना ‘किती जणी तपासल्या’ एवढेच न विचारता, ‘गाठ लागलेल्यांपैकी किती जणींचे निदान किती दिवसांत झाले’ हे विचारावे. पहिला आकडा शिबिराच्या छायाचित्रासाठी फुगविता येतो, दुसरा सहजासहजी फुगत नाही. आणि तारखा गावाला विचारून ठरवाव्यात. आपल्याला डिसेंबरात सुट्टी मिळते म्हणून तिकडे डिसेंबरात शिबिर भरवायचे, फीत कापायची आणि बायका का आल्या नाहीत याचे आश्चर्य करीत विमानतळ गाठायचा, असे आपल्या हातून यापूर्वी झाले आहे. त्या दिवसांत तूर कापणीला येत असते आणि कापसाची वेचणी चालू असते.