पंधरा वर्षांची मारुती: पासिंग करायची की भंगारात घालायची?

धावड्याहून भोकरदनला, सिल्लोडला किंवा बुलढाण्याला कॉलेजसाठी ये-जा करणाऱ्या मित्रांनो, एक काम करा. आपल्या गल्लीतल्या चारचाकी मोजा. त्यात एखादी तरी जुनी मारुती ८०० नक्की सापडेल. रंग उडालेला, मागच्या सीटवर खताच्या गोणीची धूळ, पण सेल्फ मारला की चालू होणारी. शहरात अशा गाडीला ‘क्लासिक’ म्हणतात, तिचे फोटो टाकतात. आपल्याकडे ती अजून कामावर आहे. दवाखाना, बाजार, लग्न, परीक्षेचं सेंटर, सगळं तिच्यावरच.

आता या गाडीचं काय करायचं, हा प्रश्न घराघरात निघतोय. ‘पंधरा वर्षं झाली, सरकारनं बंद केली, देऊन टाका भंगारात,’ असं कुणीतरी सांगतं आणि घरातले गडबडतात. म्हणून आधी नियम नीट समजून घेऊ.

बंदी नाही, पण खर्च वाढलाय

महाराष्ट्रात खासगी गाडी १५ वर्षांची झाली म्हणून आपोआप बंद होत नाही. तिचं पुन्हा पासिंग करावं लागतं. आरटीओत गाडी तपासतात आणि नोंदणी पुढची ५ वर्षं वाढवून मिळते. मुदत संपायच्या आधी अर्ज केला नाही, तर कारला दर महिन्याला ५०० रुपये जादा लागतात.

बदललंय ते शुल्क. एप्रिल २०२२ पासून कारच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून थेट ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं २० वर्षांपेक्षा जुन्या कारसाठी ती १०,००० केली. वर पर्यावरण कर, विमा, पीयूसी. शिवाय एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना नवी सुरक्षा नंबरप्लेट, कारसाठी ७४५ रुपये अधिक जीएसटी. १०,००० रुपये ५ वर्षांत वाटले तर महिन्याला १६७ रुपये होतात. ऐकायला थोडे वाटतात. पण ते एकदम भरायचे असतात, आणि गाडीची बाजारातली किंमतच काही हजारांत उरलेली असते. थोडक्यात, ‘गाडी काढून टाका’ असं कुणी तोंडानं म्हणत नाही, पावती ते सांगते.

दिल्लीची गोष्ट वेगळी आहे. तिथं पेट्रोल गाडीला १५ आणि डिझेलला १० वर्षांची मर्यादा आहे. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असं ठरलं, आणि लोकांचा रोष पाहून काही दिवसांतच ते थांबवावं लागलं. मग ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्याच जुन्या गाड्यांवरची कारवाई रोखली. डिसेंबरमध्ये ते संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतंच ठेवलं. यात एक गोष्ट लक्षात घ्या. न्यायालयानं वयाच्या जोडीला ‘गाडी किती धूर सोडते’ हा मुद्दा आणला. आपल्यालाही हीच फूटपट्टी हवी.

शहरातून हद्दपार, गावात मुक्काम

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, साधी रचना. एप्रिल २०१० मध्ये मोठ्या शहरांत बीएस-४ चे नियम लागले, तेव्हा तिथली तिची विक्री थांबली. पण बाकी भागात ती जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन बंद होईपर्यंत मिळत राहिली. म्हणजे या गाडीची शेवटची वर्षं आपल्यासारख्या भागातच गेली, आणि त्यातल्या २०१०-११ च्या गाड्यांना आता पंधरा वर्षं होताहेत. हा प्रश्न आत्ताच दारात का आला, ते यावरून कळेल.

नियमांत आणखी एक गंमत आहे. ५० वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपातली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. पण मग ती रोज चालवता येत नाही. फक्त रॅली, प्रदर्शन अशा कारणांसाठी बाहेर काढायची. शौकिनाच्या गाडीला दर्जा आहे, मुलीला परीक्षेला सोडणाऱ्या गाडीला नाही.

मका आपला, रबर आपलंच

दुसरा मुद्दा पेट्रोलचा. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल उसापासून होतं, मक्यापासूनही होतं, आणि भोकरदन-सिल्लोड हा तर मक्याचा पट्टा. मागणी वाढली तर फायदा आपल्याच शेतकऱ्याचा. पण त्याच घरातल्या जुन्या मारुतीला हे पेट्रोल तितकंसं मानवत नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं पडतं. ते हवेतला ओलावा ओढतं, जुने रबरी पाइप आणि वायसर खराब करतं, टाकीतला साचलेला गाळ सोडवून इंधनाच्या मार्गात आणून अडकवतं. साधं पेट्रोलही ठेवा, ही मागणी सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली.

उपाय आपल्याच हातात आहेत. इंधनाचे पाइप आणि फिल्टर बदला, कार्बोरेटरवाली गाडी असेल तर त्याचं किट टाका, गाडी महिनोन्‌महिने टाकी अर्धी ठेवून उभी करू नका. पाइपातून पेट्रोल गळत असेल तर तो खर्च पुढं ढकलू नका. तिथं आगीचा धोका असतो.

जुनी म्हणून लाडकी, पण डोळे उघडे ठेवा

या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही. ड्रायव्हरसाठी एअरबॅग आणि एबीएस आपल्याकडे २०१९ पासून सक्तीचे झाले. समृद्धी महामार्गावर ही गाडी घालणं धाडस नाही, मूर्खपणा आहे. गावातून तालुक्याला, सावकाश, सीटबेल्ट लावून, हाच तिचा रस्ता. खालचा पत्रा कुजला असेल, ब्रेक एका बाजूला ओढत असेल, धूर थांबत नसेल, तर माया बाजूला ठेवा.

भंगारात द्यायची ठरलीच, तरी घाई नको. जालन्याच्या भट्ट्यांमध्ये भंगार वितळून सळ्या होतात, त्यामुळे गिऱ्हाईक लगेच मिळेल. पण नोंदणी रद्द न करता गाडी दिली, तर कागदावर मालक तुमचे वडीलच राहतात. उद्या त्या नंबरवर काही झालं, तर विचारणा तुमच्या घरी होणार. अधिकृत स्क्रॅपिंग केंद्रात दिली तर प्रमाणपत्र मिळतं, आणि त्यावर नव्या खासगी गाडीच्या रोड टॅक्समध्ये २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या कारवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, सगळ्यात स्वस्त कार साडेतीन लाखांच्या आसपास आली. तरी कापसाच्या एका हंगामावर साडेतीन लाख उभे राहत नाहीत. रात्री-अपरात्री एसटी नसलेल्या गावात जुन्या गाडीच्या जागी नवी येतेच असं नाही. बऱ्याचदा काहीच येत नाही. नाहीतर बाइकवर तिघं बसतात, आणि ते मारुतीपेक्षा जास्त धोक्याचं.

म्हणून मागणी ‘जुन्या गाड्या राहू द्या’ एवढीच नको. गाडी वयावर नाही, तपासणीवर पास किंवा नापास करा, आणि ती तपासणी तालुक्याच्या ठिकाणी, खरीखुरी करा, अशी हवी. ग्रामसभेत हे बोलायला कुणाची ओळख लागत नाही. आज घरी गेलात की आधी आरसी बुक काढा आणि नोंदणीची मुदत कधी संपतेय ते बघा. पुढचा हिशेब घरच्यांसोबत बसून, कागदावर करा.