अंगठा कुणाचा, अंग कुणाचं?

गेट्स फाउंडेशनचं अनुदान, ‘पाथ’ ही अमेरिकन संस्था, देश चार: भारत, पेरू, युगांडा, व्हिएतनाम. गर्भाशयमुखाचा कर्करोग टळावा म्हणून मुलींना लस. लस वाईट नव्हे. हा रोग गरिबाच्याच बाईला खातो, हेही खरं.

पण २००९ साली तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममध्ये १० ते १४ वर्षांच्या पोरींना सुया टोचल्या, त्या बहुतेक आदिवासी, दलित. कितीतरी सरकारी वसतिगृहातल्या, आईबाप दूर. पुढं आंध्रातली ९,५४३ संमतीपत्रं तपासली. २,७६३ वर सही वॉर्डनची! १,९४८ वर नुसते अंगठे. वॉर्डन काय त्यांचा बाप लागतो?

आंध्र-गुजरात मिळून सात पोरी मेल्या. एप्रिल २०१० मध्ये काम थांबलं. मरण लसीनं नाही, असं सरकारी चौकशी म्हणाली. असेल. पण विचारलं कुणी होतं? लस कंपन्यांनी फुकट दिलेली. त्या फुकटाच्या पोटात धंदा होता, हे २०१३ साली संसदेच्या समितीनंच लिहिलं.

दोस्तहो, अनुदान नको असं आम्ही म्हणत नाही. देणाऱ्याला हिशेब जातोच: किती डोस, किती गावं. तोच हिशेब त्या पोरींच्या आयांपुढं मांडा. तेलुगूत मांडा, कोयात मांडा. सुई टोचायच्या आधी मांडा.